उसन्या वयाचा वाडगा

मी एक जुना वाडगा आहे. निदान माझ्या बुडाखाली तसं लिहिलेलं आहे. निळ्या रंगात सहा चिनी अक्षरं आहेत आणि मी चारशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा बादशहाच्या काळातला आहे, असं ती सांगतात. ज्या मुलीने ती काढली तिला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. समोर टाचलेल्या कागदावर बघून ती दिवसाला दोनशे बुडं रंगवायची. दुपारनंतर तिची पाठ भरून यायची आणि शेवटच्या अक्षराची शेपटी हुकायची. माझी हुकलेली आहे.

मित्रांनो, खरं सांगायचं तर मी त्या मुलीपेक्षाही वयाने लहान आहे. आजवर हे कुणाला सांगता आलं नाही. चारशे वर्षांचं ओझं उगाच वाहून वाहून आता मी थकलो आहे, म्हणून तुमच्यापाशी बोलतो. तुम्ही लहान आहात, तुम्ही माझी किंमत विचारणार नाही.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका कारखान्यात झाला. तिथे चिनी धाटणीची भांडी बनत. माती चांगली होती, चाकावर बसणाऱ्या बाईचा हातही चांगला होता. भट्टीतून निघालो तेव्हा माझी झिलई कोवळ्या पानासारखी हिरवी होती. त्या बाईने मला बोटांच्या टोकांवर तोललं आणि कडेला नखाने टिचकी मारली. मी वाजलो! इतका लांबवर वाजलो की शेजारी माती मळणारे दोघे थांबून बघायला लागले. "हा छान निघाला हं," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातलं खरं कौतुक म्हणाल तर एवढंच. त्या आठवड्यात मी जो होतो तोच दिसत होतो. पुन्हा तशी वेळ आली नाही.

मग मला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे वस्तूंना म्हातारं करत. काळ्याकुट्ट चहात मला दोन दिवस उकळलं, म्हणजे झिलईच्या बारीक भेगांत तपकिरी रंग बसतो. मग गंजलेल्या खिळ्यांबरोबर ओल्या मातीत पुरून ठेवलं. वर काढल्यावर एकाने मला उलटं धरून बुडाची कड पॉलिश पेपरने घासली, कारण जुन्या वाडग्याचं बूड झिजलेलं असतं. तुमचे आजी-आजोबा म्हातारे झाले त्याला सत्तर वर्षं लागली. माझं काम त्या लोकांनी नऊ दिवसांत उरकलं.

पण मालकाचं तेवढ्याने समाधान होईना. तो डोकेबाज माणूस. तो म्हणाला, "अख्खा वाडगा बघितला की लोकांना संशय येतो. फुटलेला सांधून ठेवला असेल तर त्यांना वाटतं, कुणीतरी जपलाय. आणि जपलाय म्हणजे जुना असणारच!" असं म्हणून त्याने फडक्यात गुंडाळलेल्या लाकडी हातोडीने मला एक ठेवून दिली. माझे तीन तुकडे झाले. ज्या बाईने मला घडवलं होतं ती दाराशी उभी होती. ती वळून आत निघून गेली.

मला सांधायला एक म्हातारा टाकेवाला यायचा. पूर्वी म्हणे तो दारोदार फिरून फुटकी भांडी सांधत असे. पुढे लोक फुटलेलं टाकून नवं आणायला लागले आणि त्याचा धंदा बसला. आता मुद्दाम फोडलेली भांडी सांधण्याचं एवढं एक काम त्याला उरलं होतं. त्याने मला दोन गुडघ्यांत धरलं. टोकाला हिरकणी बसवलेलं, दोरीने फिरवायचं गिरमिट घेऊन त्याने भेगेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडली. भोकं आरपार नाहीत हं, निम्म्या जाडीपर्यंतच. मग पितळेचा टाका गरम करून बसवायचा. तो गार होताना आवळतो आणि तुकडे एकमेकांना घट्ट धरून ठेवतो. असे सात टाके घालायला त्याला अख्खा दिवस लागला. मालक दोनदा येऊन ओरडून गेला, "अहो, एवढं काय कोरताय? नुसतं दाखवायचंय!"

म्हातारा मान वर न करता म्हणाला, "वाडगा लबाडीचा आहे म्हणून टाकाही लबाडीचा घालू का?"

असा मी पुन्हा एक झालो. पाणी घातलं तर एक थेंब गळत नव्हता. पण टिचकी मारली की नुसतं 'टक्' वाजायचं. माझा आवाज कायमचा गेला होता.

त्यानंतरची सहा-सात वर्षं मी जुन्या वस्तूंच्या एका दुकानात काढली. त्याबद्दल काय सांगू? शेजारी बंद पडलेला टेबलफॅन, पलीकडे काट्या नसलेली घड्याळं. माणसं यायची, मला उचलायची, उलटं करायची, थुंकी लावून बोट घासायची, खिशातली बॅटरी काढून माझ्यात उजेड पाडायची. एकाने तर चाकूचं टोक ओढून पाहिलं. सगळ्यांचा प्रश्न एकच, "खरा आहे का हो?" दुकानदार ताकास तूर लागू द्यायचा नाही. "मी कशाला खोटं बोलू? जसा आला तसा ठेवलाय," एवढंच म्हणायचा. मग ते मला पुन्हा जागेवर ठेवायचे, तेही बहुतेक वाकडं. हजार हातांतून गेलो मी त्या वर्षांत, पण एकाही हाताला माझ्यात दोन घास वाढावेसे वाटले नाहीत.

आणि एके दिवशी मामा आला.

मामा हा काही माझा मामा नव्हे. पण त्याला ओळखणारा प्रत्येक जण मामाच म्हणे, म्हणून मीही म्हणतो. तो रेल्वेतून निवृत्त झालेला होता. गाडी यार्डात उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर ठोका मारायचा आणि आवाजावरून चाकाला तडा गेलाय का ते ओळखायचं, हे त्याचं काम. पस्तीस वर्षं त्याने तेच केलं. निवृत्तीनंतर त्याला जुन्या चिनी वस्तूंचं वेड लागलं होतं, आणि त्या पारखायची त्याची रीत तीच: बोटांवर घ्यायचं, टिचकी मारायची, डोळे मिटायचे.

मलाही त्याने बोटांवर तोललं. टिचकी मारली. टक्. डोळे मिटून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "वा! काय नाद आहे! अजून घुमतोय."

दुकानदाराने चमकून त्याच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने कागदात मला गुंडाळायला घेतलं. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस! मुक्या वाडग्यातसुद्धा याला नाद ऐकू येतो. मित्रांनो, मी तिथेच चुकलो. पण माझ्यासारखेच आणखी शहाणे निघाले, ते पुढे कळेल.

निवृत्त झाल्यापासून मामा त्याच्या धाकट्या बहिणीच्या घरी राहायचा. तिला सगळे माई म्हणत, मामासुद्धा. ती त्याला दादा म्हणे. मागची खोली मामाची होती, आणि त्या खोलीत मामा कमी आणि सामान जास्त होतं. सुरया, बशा, झाकणं नसलेल्या बरण्या, बरण्या नसलेली झाकणं, पोटावर हात ठेवून हसणारे सतरा लठ्ठ म्हातारे आणि जेडचा म्हणून घेतलेला एक हिरवा मासा. जेड म्हणजे चीनमध्ये सोन्याहून मोलाचा मानलेला दगड. तो गार असतो, म्हणून मामा तो मासा रोज सकाळी गालाला लावून बघायचा. "गार आहे!" असं ठरलेल्या आनंदाने म्हणायचा आणि परत ठेवायचा.

घरात भांडणाला तोटा नव्हता. माई स्वयंपाकघरातून हाका मारून मारून घसा बसवून घ्यायची आणि मामा ढिम्म. "दादा, दूध उतू जातंय!" दूध उतू जायचं. "दादा, दारावर कुणी आलंय!" आलेला माणूस निघून जायचा. माई खोलीच्या दाराशी येऊन म्हणायची, "या मेल्या मडक्यांपुढे बहिणीची हाक ऐकू येत नाही का तुला?" दारात तिची सावली दिसली की मामा वळून नुसतं "हं" म्हणायचा. ते 'हं' ऐकलं की माईच्या तळपायाची आग मस्तकात जाई. शेवटी शेवटी ती त्याच्या पाठीमागे उभी राहून काय वाटेल ते बोलायची. "दगडाशी राहून दगड झालाय नुसता," असं एकदा म्हणाली. तो माझी कड फडक्याने पुसत होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. मला त्याचा राग आला. एवढं टाकून बोललेलं मुकाट गिळणाऱ्या माणसाचा राग येतो ना, तसा.

मग एक दिवस माईची लेक बाळंतपणानंतर माहेरी राहायला येणार, असं ठरलं. तिला बाळासकट राहायला खोली हवी होती, आणि घरात मागची सोडून दुसरी खोली नव्हती. माई मामाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि हात हलवत म्हणाली, "हे बघ दादा, तुझ्या या सगळ्या पसाऱ्यात एक वस्तू, फक्त एक वस्तू खरी निघाली, तरी मी हे सगळं हॉलमध्ये मांडून देईन. लेक नि बाळ माझ्या खोलीत राहतील. पण एकही खरी नसेल, तर पसारा घराबाहेर. आहे कबूल?"

मामाने खोलीभर नजर फिरवली. त्याच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याच्याजवळ त्याचं असं एवढंच होतं. त्याने मला उचललं, आणि शेपटीला धरून त्या माशाला. "कबूल," तो म्हणाला.

शहरात एक बाई जुन्या चिनी वस्तू पारखून द्यायच्या. त्यांच्याकडे जिन्याच्या वर एक मोठ्या खिडकीची खोली होती. भिंतीला लागून बाकं, आणि बाकांवर माणसं आपापल्या वस्तू टॉवेलात, उशीच्या अभ्र्यात, लहान मुलांच्या दुपट्यात गुंडाळून बसलेली. दवाखान्यात आजारी पोर मांडीवर घेऊन बसतात तशीच. मी माईच्या जुन्या स्वेटरमध्ये होतो. पारखीबाईंचा चहा केव्हाचा गार होऊन गेला होता. दिवसभर लोकांना 'नाही' म्हणून म्हणून त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांना बघून मला बरं वाटलं. माझ्याइतकंच कुणीतरी दमलेलं होतं.

त्यांनी आधी मासा घेतला आणि भिंगाखाली धरला. "हा काचेचा आहे. आत बुडबुडे दिसतायत, बघा. दगडात बुडबुडा नसतो."

"मासा म्हटल्यावर बुडबुडे सोडणारच," माई म्हणाली. बाकावरचे दोघे-तिघे हसले. मामाही त्यांच्याकडे बघून हसला, पण जरा उशिराने.

मग माझी पाळी आली. पारखीबाईंनी मला हातात घेण्याआधीच मामाने मला बोटांवर तोललं. "नुसता नाद ऐका. आजकालच्या मालाला असा नाद नसतो," असं म्हणून त्याने टिचकी मारली.

टक्.

बाईंनी मामाकडे पाहिलं, मग माईकडे. माईने कपाळाला हात लावला. मान खाली घालून काहीतरी टिपून घेत बाई म्हणाल्या, "आवाजावरून वय नाही कळत, काका. तडा आहे का, एवढंच कळतं. आणि याला तर टाके घातलेत, हा वाजणार कसा?" मामा त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्यांचं तोंड वहीकडे होतं.

ऐकूनही हा माणूस अडून बसलाय, असं त्यांना वाटलं असावं. त्या उठल्या आणि कपाटातून एक वाडगा घेऊन आल्या. तसाच हिरवा, माझ्याएवढाच, पण खरोखर चारशे वर्षांचा. त्याच्यापुढे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी त्याला टिचकी मारली. काय सांगू, मित्रांनो! बाकावरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. तो आवाज खिडकीपर्यंत जाऊन परत आला. तो विरल्यावर त्यांनी मला टिचकी मारली. टक्.

"आता कळला ना फरक?" त्यांनी मान वर करून विचारलं.

"कसला फरक? दोन्ही सारखेच आहेत," मामा खुशीत म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

माई मामाच्या मागे उभी होती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेलेला मी पाहिला. मामाला झुरळाची भयंकर भीती. नुसतं नाव काढलं तरी हा धिप्पाड माणूस खुर्चीवर चढायचा. माई त्याच्या पाठीशी वाकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दादा, तुझ्या कॉलरवर झुरळ आहे."

मामा समोर बघून हसतच होता.

माई मटकन बाकावर बसली. वर्षभर ती त्याच्या पाठीमागे काय काय बोलली होती, ते सगळं तिला त्या क्षणी आठवलं असणार. मग ती उठून त्याच्या समोर आली आणि त्याचं मनगट धरून तिने विचारलं, "दादा, तुला ऐकू येत नाही ना?"

मामाचं हसू मावळलं. "येतं की. जरा कमी येतं."

"कधीपासून?"

"नोकरीत असल्यापासूनच." तो मान खाली घालून म्हणाला, "कान हळूहळू गेले. कुणाला सांगितलं असतं तर त्याच दिवशी हातोडी काढून घेतली असती."

"अरे, मग चाकं कशी तपासलीस? माणसं असायची ना गाडीत!"

आता मात्र मामाने मान वर केली. "हातोडीच्या दांड्यातून! चांगलं चाक तळव्याला झिणझिण्या देतं. तडा गेलेलं मुकं राहतं. शेवटची दोन वर्षं मी हातावर काढली, माई. एक चाक चुकलं नाही माझ्याकडून. एकसुद्धा नाही."

पारखीबाई इतका वेळ ऐकत उभ्या होत्या. त्यांनी आपला तो चारशे वर्षांचा वाडगा, ज्याला त्या स्वतःशिवाय कुणाला हात लावू देत नसाव्यात, उचलून मामाच्या पुढ्यात ठेवला. त्याला दिसेल असं तोंड करून सावकाश म्हणाल्या, "मग हाताने सांगा."

मामाने तो वाडगा बोटांच्या टोकांवर घेतला. टिचकी मारली आणि थांबला. आवाज आम्हाला ऐकू यायचा बंद झाला तरी त्याची बोटं हलली नव्हती. मग त्याने वाडगा उलटा केला आणि बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. फिरवत राहिला. त्यानंतर मला घेतलं. टिचकी. बोटं लगेच सैल झाली. मलाही उलटं केलं, माझ्याही बुडावरून अंगठा गेला. एकदा, दोनदा.

"ही झीज नाही," मामा म्हणाला. त्याचा आवाज यार्डातल्या माणसासारखा झाला होता. "झीज आयुष्यभर पाहिलीय मी. वापरून झिजलेल्या वस्तूवर ओरखडे कसे, सगळीकडून, आडवेतिडवे असतात. हे सगळे एकाच बाजूला गेलेत. हे कुणीतरी बसून घासलंय." त्याने मला टेबलावर ठेवलं. "हा नवा आहे. मुद्दाम जुना केलाय."

"बरोबर," पारखीबाई म्हणाल्या. "दहाएक वर्षांचा असेल."

"टाके मात्र पक्के आहेत," मामा म्हणाला. "ज्याने घातले त्याला काम येत होतं."

मित्रांनो, हजार हातांनी मला चाचपलं होतं. बादशहाचं नाव वाचून माना डोलावल्या होत्या. मला पहिल्यांदा कुणी बरोबर ओळखलं ते या म्हाताऱ्या, बहिऱ्या माणसाच्या अंगठ्याने. त्याला त्यापायी सगळी खोली गमवावी लागणार होती, हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने खरं तेच सांगितलं. रडता आलं असतं तर मी तिथे रडलो असतो. माझ्या अंगावरून चारशे वर्षं उतरली. आम्ही दोघंही किती दिवस सोंग काढत होतो, मी वयाचं आणि बोटांना कळत असूनही तो कानांचं!

"हरलो मी. खोली तुझी, माई," मामा म्हणाला.

"खोलीचं बघू मग," माई डोळे पुसत म्हणाली. "आधी कानाच्या डॉक्टरकडे चल."

"काय?"

माई चिडली नाही. ती त्याच्या आणखी जवळ आली, त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि एकेक शब्द पुन्हा म्हणाली.

खोली रिकामी झाली. मामाने स्वतः एकेक वस्तू खोक्यात भरली, सतरा हसरे म्हातारेसुद्धा. त्या दिवशी तो जेवला नाही, खोटं कशाला सांगू? आता तिथे पाळणा आहे आणि मामाची कॉट हॉलमध्ये, खिडकीशी. त्याने मागे ठेवला तो फक्त मी. झोपताना तो कानातलं छोटं यंत्र काढतो आणि माझ्यात ठेवतो. घरी येणारं कुणीतरी विचारतं, "हा जुना आहे का हो?" मामा सांगतो, "छे, नवा आहे. फुटला होता, सांधलाय."

मित्रांनो, दमलेल्या वाडग्याचं एवढं ऐका. कुठली वस्तू खरी, कुठली खोटी, हे तुम्ही मोठे होऊन शिकालच, त्यासाठी माणसं आहेत, भिंगं आहेत. पण तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देईनासं झालं, तर ते रुसलंय किंवा माजलंय असं ठरवून पाठीमागून ओरडत बसू नका. समोर जा, त्याच्या तोंडाकडे बघा, आणि जे सांगायचं आहे ते पुन्हा एकदा सांगा. माईने हे वर्षभर आधी केलं असतं, तर बरं झालं असतं.